'रिकाम्या जागा भरा' आणि शिणलेले मन

'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न आपण घटक चाचणीत सहज घालतो. एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने तो मुलांचा थकवा मोजण्यासाठी वापरला होता, हे आपल्याला ठाऊक आहे का?

सलग पाच तासांच्या शाळेने मुले थकतात का, असा प्रश्न ब्रेस्लाऊ शहरात (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) निघाला. हर्मान एबिंगहाउस यांनी तो तपासून १८९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोपी गणिते, अंकांचे स्मरण आणि गाळलेल्या जागा भरून उतारा पुरा करणे, अशा तीन कसोट्या त्यांनी घेतल्या. गंमत अशी, की तिसऱ्या कसोटीतून थकव्यापेक्षा वर्गातले हुशार आणि कच्चे विद्यार्थीच ठळकपणे वेगळे दिसले. पुढे बुद्धिमापन चाचण्यांनी ही कसोटी उचलली. थकव्याचा मूळ प्रश्न मागे पडला!

त्याआधी इटलीत तूरिनच्या अँजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ हे उपकरण बनवले होते. मधल्या बोटाने वजन पुन्हापुन्हा उचलायचे आणि स्नायूंचा शीण कागदावर रेखाटला जायचा. तोंडी परीक्षा घेतल्यानंतर प्राध्यापकाचे बोट लवकर दमते, असे त्यांना आढळले. म्हणजे श्रम डोक्याचे, पण परिणाम बोटावर.

जपानच्या त्सुरुको अराई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्वतःवरच प्रयोग केला. चार दिवस, रोज सुमारे बारा तास त्या चार अंकी संख्यांचे गुणाकार मनातल्या मनात करीत राहिल्या. दिवसअखेर एका गुणाकाराला जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला, पण काम बंद पडले नाही. या अभ्यासावर त्यांना १९१२ मध्ये पीएच.डी. मिळाली.

असा थकवा झोपेने उतरतो. न उतरणाऱ्या थकव्याला १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 'बर्नआउट' म्हटले, तेही दवाखान्यातील कार्यकर्त्यांविषयी. २००२ मध्ये शाउफेली व सहकाऱ्यांनी स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांत तो मोजला. खूण एक नाही, तीन आहेत: अभ्यासाने गळून जाणे, 'शिकून काय उपयोग?' ही उदासीनता आणि 'मला जमतच नाही' हा समज.

पहिली खूण आपल्याला दिसते. उरलेल्या दोन विचारांच्या सवयी आहेत. त्यांना आपण आळस किंवा उद्धटपणा समजतो. एखादा विद्यार्थी सुट्टीनंतरही तसाच राहिला, तर रागावण्याआधी या दोन खुणा जरूर तपासून पाहाव्यात.