पुन्हा विकत घ्यायचा सिनेमा

व्हीसीडीवर हिंदी सिनेमा दोन तबकड्यांत यायचा. एकीत जेमतेम सव्वा तास मावायचा, मग उठून दुसरी लावायची. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. पावसाच्या दृश्यात नुसते चौकोन दिसत. तरी शनिवारी आमच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीत गर्दी असे. डीव्हीडी 1996 साली जपानमध्ये आली, माझ्या घरात पुष्कळ उशिरा. पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची झुंज लागली. फेब्रुवारी 2008मध्ये एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने माघार घेतली. 2016 साली आली अल्ट्रा एचडी ब्लू-रे, 3840 बाय 2160, म्हणजे 4के.

आता सगळं परत घ्यायचं? मी आधी विचारतो, मूळ चित्रण कशावर झालं? 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये तपशील ठासून भरलेला असतो. ‘पथेर पांचाली’चं निगेटिव्ह 1993मध्ये लंडनच्या आगीत होरपळलं. बोलोन्यातल्या कारागिरांनी त्यातलं वाचलेलं हातानं सांधलं आणि 2015 साली तो सिनेमा 4केमध्ये पुन्हा पडद्यावर आला. असल्या कष्टांसाठी मी पैसे आनंदानं मोजीन.

2000नंतरचे कित्येक चित्रपट मात्र 2केमध्येच, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच तपशिलात, पूर्ण झाले. नव्या तबकडीत त्यांचे रंग खुलतात, तपशील फारसा वाढत नाही. ते ब्लू-रेवरच राहू देत. नवा प्लेअर जुन्या डीव्हीडीही चालवतो, म्हणून कपाट उपसायची घाई नाही. यादीत पहिली ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणारी अपू-त्रयी.