शितावरून भात, पण शीत कुणी उचललं? गेमच्या डेमोचा इतिहास

आज एका गेमबद्दल बोलायचंय, पण अख्ख्या गेमबद्दल नाही. फक्त त्याच्या पहिल्या तीन तासांबद्दल. गेमचं नाव 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २'. फेब्रुवारी २०२३ मध्ये, मुख्य गेम यायच्या काही दिवस आधी, स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने त्याचा डेमो फुकट दिला. अट एकच: घड्याळात तीन तास झाले की खेळ थांबणार.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये डेमो कशाला? तर सांगतो. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एक दाणा दाबून बघायचा, अख्खं पातेलं शिजलंय का ते कळतं. पण या म्हणीत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे. दाणा उचलणारा हात आपला असतो. डेमोत तो दाणा कंपनी उचलते, पुसते, सजवते आणि आपल्या हातावर ठेवते. मग त्यावरून केलेली परीक्षा खरी किती? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर हळूहळू बदलत गेलंय, आणि ते बदलवण्यात खेळणाऱ्यांचा मोठा हात आहे. आजची गोष्ट ती आहे.

आधी एक अडचण समजून घेऊ. गाड्यांच्या शर्यतीचा डेमो बनवणं सोपं. एक ट्रॅक द्या, दोन गाड्या द्या, झालं. पण रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, चाळीस-पन्नास तास चालतो. त्याची मजा साठत जाण्यात असते. पात्रं हळूहळू तगडी होतात, त्यांची ओळख वाढते, गावं आठवणीत बसतात. त्यातला अर्धा तास कापून दिला तर ते लग्नाच्या जेवणातलं नुसतं लोणचं चाखल्यासारखं. शिवाय फँटसी गेमचा दुसरा किंवा आठवा भाग असेल तर लोकांच्या अपेक्षा आधीच्या भागाने चढवून ठेवलेल्या. मग कंपन्यांनी काय केलं?

चला १९९६ मध्ये. स्क्वेअर तेव्हा नुकतीच निन्टेन्डोची साथ सोडून सोनीच्या प्लेस्टेशनकडे आली होती. १९९४ चा 'फायनल फँटसी ६' कार्ट्रिजवर आला होता. कार्ट्रिज म्हणजे आत चिप असलेला प्लॅस्टिकचा डबा. बनवायला महाग, जागा कमी. सीडी मात्र छापायला स्वस्त आणि जागा कितीतरी जास्त. त्यामुळे एका गेमच्या डब्यात दुसऱ्या गेमची डिस्क टाकून देणं पहिल्यांदाच परवडायला लागलं. ऑगस्ट १९९६ मध्ये जपानात स्क्वेअरने 'टोबाल नंबर १' हा मारामारीचा गेम काढला आणि त्यासोबत 'फायनल फँटसी ७' च्या सुरुवातीचा तुकडा दिला. मूळ गेम आला थेट जानेवारी १९९७ अखेरीस. म्हणजे पाच-सहा महिने लोकांकडे तेवढाच तुकडा.

यातली गंमत लक्षात घ्या. डेमो फुकट नव्हता. एका पातेल्याचे पूर्ण पैसे द्यायचे, तेव्हा दुसऱ्या पातेल्यातलं एक शीत मिळणार!

१९९८ मध्ये पुन्हा तेच. 'ब्रेव्ह फेन्सर मुसाशी' या गेमसोबत 'फायनल फँटसी ८' चा डेमो आला. डॉलेट नावाच्या शहरावर समुद्रातून उतरून हल्ला करायचा, अशी मोहीम. हा डेमो मला इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो, कारण त्यात जे दिसलं ते पुढे तसं राहिलंच नाही. डेमोत स्क्वॉलच्या तुकडीत रिनोआ आहे. १९९९ च्या पूर्ण गेममध्ये त्या मोहिमेत रिनोआ नाही, तिथे सेल्फी येते. डेमोत लेव्हायथन हा जलराक्षस हाताशी मिळतो, पूर्ण गेममध्ये तो बराच पुढे भेटतो. हल्ल्याच्या वेळचं संगीतसुद्धा बदललं. थोडक्यात, ज्यांनी १९९८ मध्ये तो डेमो खेळला त्यांनी एक असा गेम खेळला जो कधी दुकानात आलाच नाही.

यात फसवणूक होती असं मी म्हणत नाही. गेम अजून बनत होता आणि लोकांना लवकरात लवकर भुरळ घालायची होती, म्हणून नायिकाही पुढे आणली आणि मोठा राक्षसही. पण शीत कुणी उचललं, याचं उत्तर इथे स्वच्छ आहे: दुकानदाराने. खेळणाऱ्याने बघायचं, वाहवा करायची आणि थांबायचं.

आता उडी मारू २०१५ मध्ये. 'फायनल फँटसी १५' ची तेव्हा वाट बघून बघून लोकांचे डोळे थकले होते. हा प्रकल्प २००६ मध्ये 'व्हर्सस १३' या नावाने जाहीर झालेला. नाव बदललं, दिग्दर्शक बदलला, गेम काही येईना. अशा वेळी नवे दिग्दर्शक हाजिमे ताबाता यांच्या चमूने मार्च २०१५ मध्ये 'एपिसोड डस्काय' हा डेमो दिला. पद्धत जुनीच, 'टाइप-० एचडी' या दुसऱ्या गेमच्या खरेदीसोबत. आत काय? चार मित्र, बंद पडलेली गाडी, दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून एका अजस्र श्वापदाची शिकार करायची सुपारी घेतात. साधी गोष्ट, पण पात्रांची यारी लगेच पटते.

खरी बातमी पुढे आहे. लोकांनी तक्रारी केल्या. लढताना कॅमेरा नीट वळत नाही, शत्रूवर नेम धरून ठेवता येत नाही. कंपनीने त्या मागवल्या, वाचल्या आणि जून २०१५ मध्ये त्याच डेमोची सुधारलेली आवृत्ती २.० काढली. विचार करा, विकायच्या गेमची नव्हे, डेमोची दुसरी आवृत्ती! म्हणजे आता खेळणारा म्हणू शकत होता, हा दाणा कच्चा आहे, अजून दोन मिनिटं ठेवा. पूर्ण गेम नोव्हेंबर २०१६ मध्ये आला.

यानंतर येतो आपला ऑक्टोपाथ. पहिल्या भागाचा डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, तेव्हा गेमचं नावही पक्कं नव्हतं. 'प्रोजेक्ट ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर' म्हणायचे. योद्धा ऑल्बेरिक आणि नर्तकी प्रिमरोज, दोघांच्याच गोष्टी. हा डेमो फुकट होता आणि सोबत प्रश्नावली होती. उत्तरांमधून चालण्याचा वेग, एका गावातून दुसऱ्या गावात पटकन जाणं, संवाद पुढे ढकलणं अशा बारीकसारीक कटकटी पुढे आल्या आणि बनवणाऱ्यांनी त्या दूर केल्या. जून २०१८ मध्ये दुसरा डेमो आला, तीन तासांचा. त्यातली सेव्ह फाइल पूर्ण गेममध्ये नेता येत होती.

ही सेव्ह फाइलची गोष्ट छोटी वाटते, पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच. डेमोतली प्रगती पुढे जाणार म्हटल्यावर कंपनीला खोटी नायिका पुढे आणता येत नाही, राक्षस उसना देता येत नाही. डेमो म्हणजे गेमचा खराखुरा पहिला अध्याय असावाच लागतो.

तर आता दुसऱ्या भागाचा डेमो, आणि माझं पहिलं मत. आठ प्रवासी आहेत, कुणापासूनही सुरुवात करा. मी पार्टिटिओ हा व्यापारी निवडला. चांदीच्या खाणीवर वाढलेलं ओरस्रश नावाचं गाव, मग जमीनमालकाने वाढवत नेलेलं भाडं आणि त्याखाली दबलेली माणसं. या पोराचं स्वप्न राजकन्या सोडवण्याचं नाही, गरिबी संपवण्याचं आहे. फँटसी गेममध्ये भाडेवाढ खलनायक होते हे बघून मी तिथेच जिंकलो गेलो.

दुसरी गोष्ट, दिवस आणि रात्र. एक बटण दाबलं की सूर्य मावळतो, संगीताचा बाज बदलतो आणि तुमच्या पात्राचं कसबही बदलतं. पार्टिटिओ दिवसा लोकांकडून वस्तू विकत घेतो, रात्री माणसंच कामावर ठेवतो. योद्धा हिकारी दिवसा द्वंद्वाचं आव्हान देतो, रात्री पैसे चारून माहिती काढतो. तेच गाव, तेच लोक, पण दोन चेहरे. लढाईचा पाया पहिल्या भागाचाच आहे: शत्रूचा कमकुवत दुवा शोधा, त्याची ढाल फोडा, मग साठवलेली ताकद एकदम वापरा. भर पडलीय ती प्रत्येक पात्राच्या खास सुप्त शक्तीची.

आणि तीन तासांचं घड्याळ? सुरुवातीला मी घाईघाईने पळत होतो. मग लक्षात आलं की इथे केलेलं काहीच वाया जाणार नाही. तेव्हा निवांत झालो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांशी गप्पा मारत बसलो. दाणा उचलणारा हात या वेळी बऱ्यापैकी माझा होता. कुठलं पात्र, कुठला रस्ता, तीन तास कशावर घालवायचे, हे मी ठरवलं.

तरी एक गोष्ट डेमो सांगू शकत नाही. पहिल्या भागावरची मोठी तक्रार होती की आठ जणांच्या गोष्टी एकमेकींना फारशा भिडत नाहीत. दुसऱ्या भागात जोडीजोडीने चालणाऱ्या कथा घातल्यात, पण त्या तीन तासांच्या पलीकडे आहेत. पहिला अध्याय कितीही प्रामाणिक असला तरी शेवटाची हमी देत नाही. नवा गेम हजारो रुपयांना पडतो, विद्यार्थ्याच्या खिशाला ते मोठं भगदाड. म्हणून डेमो खेळताना 'आवडला का' एवढंच विचारू नका. आधीच्या भागात जे खटकलं होतं त्याचं उत्तर या तुकड्यात आहे का, हेही विचारा. नसेल तर थोडं थांबा, बाकीच्यांना पुढचे अध्याय खेळू द्या.

शेवटी एक काळजी. 'ब्रेव्हली सेकंड' या निन्टेन्डो ३डीएसवरच्या फँटसी गेमचा डेमो होता. त्यात तीन शिलेदारांची स्वतंत्र गोष्ट होती, मुख्य गेमपेक्षा वेगळी. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने ३डीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं. विकत घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत होते, पण नव्याने काही घेता येणार नव्हतं, फुकटचे डेमोसुद्धा नाहीत. १९९८ ची डिस्क जुन्या बाजारात अजून सापडू शकते, म्हणून तर रिनोआ डॉलेटमध्ये होती हे दाखवता येतं. डाउनलोडच्या डेमोला असा जुना बाजारच नाही. गेम विकला गेला की डेमोचं काम संपलं असं कंपनी समजते. पण आपल्याला काय कबूल केलं होतं आणि हातात काय पडलं, हे ताडून बघायचा कागद म्हणजे डेमो. भात संपला तरी ते शीत जपून ठेवावं लागतं.

तुमच्या कन्सोलवर एखादा जुना डेमो पडून असेल तर जागा करायला म्हणून उडवू नका. आणि त्यात काय होतं जे पूर्ण गेममध्ये दिसलं नाही, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!