विद्युत मोटारीच्या ब्रेक-डिस्कवरील गंज

विद्युत मोटारीच्या ब्रेक-डिस्कवरील गंज : ब्रेकचा वापर कमी झाल्यामुळे बिडाच्या डिस्कवर चढणारा गंजाचा थर आणि त्यातून उद्भवणारे दोष. पेट्रोल-डिझेल गाडीची डिस्क घासून झिजते. विद्युत गाडीची बहुधा न घासल्यामुळे वाया जाते.

चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर जनित्रासारखी चालते, वेगातील ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. रोजच्या बोलण्यात याला ‘रीजन’ म्हणतात. पोर्शने टायकान या गाडीबाबत सांगितले आहे की रोजच्या वापरातले ९० टक्क्यांपर्यंत ब्रेकिंग एकट्या मोटरीवर भागते. साहजिकच पॅड डिस्कला क्वचित टेकतात. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा फार थंड असली की रीजन कमी पडते आणि घर्षणाच्या ब्रेकवरच भिस्त असते. गंजलेली डिस्क नेमकी तेव्हा दगा देते.

डिस्क करड्या बिडाची असते. बीड स्वस्त, उष्णता चांगली वाहून नेणारे आणि कंपने जिरवणारे. पण उघडे बीड ओले झाले की काही तासांत तांबूस होते. बोटाने पुसली जाणारी ही भुकटी निरुपद्रवी आहे, दोन-चार ब्रेकमध्ये ती निघून जाते. दुखणे त्यापुढचे. ओलावा टिकून राहिला की गंज खोल जातो, खड्डे पडतात, रंग काळपट होतो आणि कडेने खवले सुटू लागतात. हा काठ हळूहळू आत सरकतो आणि पॅडला टेकायला गुळगुळीत पट्टा अरुंद उरतो. आतल्या बाजूची अवस्था अनेकदा अधिक वाईट असते, आणि चाकाच्या फटीतून दिसते ती फक्त बाहेरची बाजू. म्हणून बाहेरून पाहून ‘ब्रेक ठीक आहेत’ असे सांगणाऱ्या तपासणीला फारसा अर्थ नाही.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे पॅडच्या लोखंडी पाठीवर तो धरला, तर घर्षणाचा थर पाठीपासून उचलला जाऊ शकतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या, की एकच पॅड घासत राहतो, गाडी एका बाजूला ओढते आणि चाक तापते. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा हलवताना ‘खट्’ असा आवाज येतो : डिस्कला चिकटलेला पॅड सुटल्याचा तो आवाज. त्या जागी पॅडच्या आकाराचा डाग उरतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरते. हवेतील मीठ पाण्याची विद्युतवाहकता वाढवते, त्यामुळे किनाऱ्यावर हे सारे लवकर घडते.

मागच्या चाकांवर मुळातच कमी भार येतो, म्हणून तिथे गंज अधिक धरतो. फोक्सवॅगनने आयडी.३ला मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीलाही मागे ड्रमच होते. ड्रमला जुनाट समजणे चूक आहे. या कामाला ते योग्यच आहेत. दुसरा उपाय म्हणजे कठीण लेप. बॉशने २०१७ साली टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क आणली. युरोपातील ‘युरो ७’ नियमांत बॅटरीवरच्या गाडीला ब्रेकच्या धुळीची मर्यादा किलोमीटरला ३ मिलिग्रॅम ठेवली आहे, त्यामुळे कमी झिजणाऱ्या अशा डिस्कची मागणी वाढेल.

निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, रीजन कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा नेहमीपेक्षा जोराने ब्रेक मारावा. डिस्क घासून स्वच्छ होते. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता थोडी चालवून ब्रेक सुकवावेत. डिस्कवर तेलाचा फवारा कधीही मारू नये. पिना काढून, पुसून त्यांना योग्य ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ब्रेक कमी वापरले तरी ते पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, बदलावे. गंज वरवरचा असेल तर लेथवर डिस्क साफ करता येते, मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली जाऊ नये. खोल खड्डे असतील तर ती बदलावी.

किलोमीटरच्या हिशेबाने केलेली सर्व्हिसिंग या दोषाला पुरी पडत नाही, कारण गंज किलोमीटर मोजत नाही. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी चारही चाके काढून डिस्कची आतली बाजू बघून घ्यावी.