मस्तकशूळ आणि वैमानिक

अर्धशिशी हा विकार नवा नाहीं. सुश्रुतानें शिरोरोगाचे जे अकरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ या नांवानें तो आलेला आहे. घरीं ज्याला अर्धशिशी जडली आहे, तो दारें-खिडक्या लावून, कपाळाला सुंठेचा लेप देऊन अंधारांत पडून राहतो. परंतु ज्याचा धंदाच विमान चालविण्याचा, त्यानें आकाशांत कोणत्या खोलींत जाऊन पडावें? शिवाय कित्येकांस दुखणें सुरू होण्यापूर्वीं घटकाभर डोळ्यांपुढें तेजाच्या नागमोडी रेषा हालूं लागतात व दृष्टीचा कांहीं भाग दिसेनासा होतो. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरनें स्वतःस दिसणाऱ्या या रेषांचीं चित्रें १८७० सालीं प्रसिद्ध केलीं. एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा त्यांचा आकार आहे. विमान उतरवितांना हा तट डोळ्यांपुढें उभा राहिला तर काय, हा प्रश्न वैमानिक होऊं इच्छिणारास विचारला जातो, आणि तो गैर नाहीं.

मस्तकाचें दुखणें सोबत घेऊन ज्यांनीं विमानें चालविलीं, त्यांत अमेरिकेच्या अमेलिया एअरहार्टचें नांव सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचा विकार अर्धशिशीचा नव्हता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पण डोळ्याभोंवतीं ठणका, त्याच्या येण्याजाण्याला नेम नाहीं, आणि पाहणाराला बहुधा कांहींच दिसत नाहीं, या बाबतींत हीं दोन्ही दुखणीं एकमेकांचीं सख्खीं भावंडें होत.

अमेलिया १८९७ सालीं कॅन्सस संस्थानांत जन्मली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ती कॅनडांतील टोरोंटो शहरीं बहिणीला भेटावयास गेली असतां रस्त्यांतून हिंडणारे जखमी शिपाई तिनें पाहिले, आणि कॉलेज सोडून ती तेथील लष्करी इस्पितळांत शुश्रूषेच्या कामास राहिली. १९१८ सालीं, महाराष्ट्रांत जिला मानमोडी म्हणत, ती इन्फ्लुएन्झाची साथ तेथेंही पोंचली. अमेलियाला न्यूमोनिया झाला. तो बरा झाला. परंतु गालाच्या हाडांत नाकालगत जी पोकळी असते, तिच्यांत पू धरूं लागला. एका डोळ्याभोंवतीं दाब, ठणका, घशांत उतरणारा स्राव, अशीं लक्षणें होतीं. पेनिसिलिन अद्याप जन्मास यावयाचें होतें. पोकळीला भोंक पाडून ती धुऊन काढणें एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातीं होता. तो पुनःपुन्हां करण्यांत आला, आणि डोकेदुखी मात्र वाढत गेली.

अशा मुलीनें डोंगराची चढणसुद्धां टाळावी, असेंच कोणीही सांगेल. कारण माणूस जसजसा उंच जातो, तसतसा भोंवतालच्या हवेचा दाब कमी होतो. अठरा हजार फुटांवर तो जमिनीवरच्या निम्मा असतो. पोकळीचें तोंड सुजून बंद झालें असेल, तर आंतली हवा आणि बाहेरची हवा यांचा मेळ बसत नाहीं व कपाळांत सळ भरते. खालीं उतरतांना हा त्रास पुष्कळदां अधिकच होतो. असें असतां १९२० च्या डिसेंबरांत अमेलिया प्रथम विमानांत बसली. १९२१ च्या जानेवारींत नेटा स्नूक या बाईंकडे शिकूं लागली. आणि १९२२ च्या ऑक्टोबरांत आपल्या पिवळ्या विमानांतून चौदा हजार फूट उंच गेली. स्त्री वैमानिकांचा विक्रम म्हणून तें उड्डाण गाजलें. विमानतळावर कधीं कधीं तिच्या गालावर पट्टी बांधलेली असे. पट्टीखालीं पू निघून जावा म्हणून बारीक नळी ठेवलेली असे.

धाडसाच्या गोष्टी सांगणारे लोक येथून एकदम अटलांटिक महासागराकडे उडी घेतात. मधलें १९२४ सालच खरें पाहण्यासारखें आहे. त्या सालीं दुखणें उलटलें. पुन्हां इस्पितळ, पुन्हां शस्त्रक्रिया, आणि गुण नाहीं. आईचा वडिलोपार्जित पैसा एका खाणीच्या धंद्यांत बुडाला होता, आईबापांचा घटस्फोट झाला होता. अमेलियानें विमान विकलें. त्याच्या जागीं एक पिवळी मोटार घेतली, आणि आईला शेजारीं बसवून कॅलिफोर्नियापासून बोस्टनपर्यंत, वाटेंत कॅनडांतील बॅन्फचे डोंगर पाहत, ती जमिनीवरून गेली. बोस्टनला आणखी एक शस्त्रक्रिया झाली, तिनें थोडें बरें वाटलें. पुढें तिनें तेथेंच परदेशांतून आलेल्या मजुरांच्या वस्तींत समाजसेवेची नोकरी धरली. सत्ताविसाव्या वर्षीं विमान विकून टाकणाऱ्या या मुलीला पुढचें कांहींच माहीत नव्हतें. १९२८ सालीं अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या विमानांत प्रवासी म्हणून बसण्याचें तिला विचारण्यांत आलें. १९३२ च्या मे महिन्यांत तोच महासागर तिनें एकटीनें ओलांडला. १९३७ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली ती १५ जूनला कराचीस व १७ जूनला कलकत्त्यास उतरली, आणि २ जुलैला न्यू गिनींतील लाए येथून निघाल्यावर प्रशांत महासागरावर नाहींशी झाली. या अंताचा तिच्या जुन्या दुखण्याशीं संबंध जोडण्यास कांहीं आधार नाहीं.

तिच्या उमेदवारीच्या काळांत अमेरिकेंत विमान चालविण्यास सरकारी परवाना लागत नसे. १९२३ सालीं तिनें मिळविलेला परवाना आंतरराष्ट्रीय संस्थेचा होता. १९२६ सालीं कायदा झाला, आणि लुई बाउअर या लष्करी डॉक्टरच्या देखरेखीखालीं वैद्यकीय तपासणी सुरू झाली. ती अगदींच आंधळी नव्हती. तेलाच्या विहिरीवर काम करतांना डावा डोळा गमावलेल्या वायली पोस्टला विशेष बाब म्हणून परवाना मिळाला, व १९३३ सालीं त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. गेलेला डोळा डॉक्टरला दिसतो. उरलेल्या डोळ्यानें अंतर कितपत कळतें, हें मोजतां येतें. डोकेदुखी मोजण्याचें यंत्र मात्र अद्याप निघालेलें नाहीं. रोगी सांगेल तेवढीच ती डॉक्टरला कळते, आणि सांगितल्यास अन्न जाईल अशी भीति असली, म्हणजे प्रामाणिक माणूससुद्धां गप्प बसतो. येथें दोष एकट्या वैमानिकाचा धरणें न्यायाचें होणार नाहीं.

आज अमेरिकेंत अर्धशिशी असलेल्या प्रत्येकास दार बंद नाहीं. झटके किती वेळां येतात, दृष्टि जाते काय, औषध कोणतें चालू आहे, हें पाहून ठरविलें जातें. क्वचित् येणारी व दृष्टीस न बाधणारी अर्धशिशी असल्यास परवाना मिळूं शकतो. झटका आल्यावर घ्यावयाच्या ट्रिप्टान जातीच्या औषधांनंतर चोवीस तास विमान चालवावयाचें नाहीं, असा तेथील नियम आहे. गोळी केव्हां घेतली, हें वैमानिकानें स्वतःच लक्षांत ठेवावयाचें असतें.