इंजिन (शब्द)

इंजिन हा इंग्रजीतून मराठीत आलेला आणि येथे पूर्णपणे रुळलेला शब्द आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी असून बोलीत त्याचा उच्चार 'इंजन' असाही होतो. इंधनाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या बळावर गती निर्माण करणारे यंत्र हा त्याचा आजचा अर्थ होय. मूळ इंग्रजी शब्द मात्र प्रथम बुद्धी, युक्ती व कावा या अर्थांनी वापरला जात असे. यंत्राचा अर्थ त्याला नंतर प्राप्त झाला.

व्युत्पत्ती

लॅटिनमधील 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. त्यातील 'गेन' हा अंश आणि संस्कृतातील 'जन्' हा धातू एकाच कुळातील आहेत. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. चौदाव्या शतकातील इंग्रजीत कल्पकता, कपट, सापळा आणि तटबंदीवर दगड फेकणारे युद्धयंत्र या सर्वांसाठी तो चालत असे, आणि अशी युद्धयंत्रे रचणारा तो इंजिनिअर. १७१२ मध्ये न्यूकॉमेनने बनविलेले वाफेचे यंत्र आणि पुढे जेम्स वॉटची यंत्रे प्रसिद्धीस आल्यावर जुने अर्थ मागे पडले.

संस्कृत 'यंत्र' शब्दातही असाच अर्थविस्तार दिसतो. 'यम्' म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. त्यापासून झालेला 'यंत्र' हा शब्द कारखान्यातील साधनाला लागतो आणि ताइतातील मंत्रांकित आकृतीलाही. 'षड्यंत्र' या शब्दात तर तो उघडच कपटाचा वाचक आहे.

विदर्भातील 'जिन'

इंजिन या शब्दाचे संक्षिप्त रूप विदर्भात घरोघरी माहीत आहे, पण त्याचे मूळ क्वचितच ओळखले जाते. जुन्या फ्रेंच शब्दाचा आरंभीचा भाग गळून इंग्रजीत 'जिन' हा शब्द झाला व तो कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला लागला. अमेरिकेतील एली व्हिटनी यांना अशा यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये मिळाले. त्यांचे यंत्र तारेच्या दात्यांचे होते. भारतात मात्र दोन रुळांच्या जिनचा प्रसार अधिक आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या कापूसपट्ट्यात 'जिनिंग' हा शब्द कारखान्याचे नाव म्हणूनच वापरला जातो. जिन नावाच्या मद्याशी त्याचा काही संबंध नाही. ते नाव ज्युनिपर या वनस्पतीवरून आले आहे.

इंजिनिअर आणि अभियंता

स्वातंत्र्याच्या आगेमागे डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून इंग्रजी शब्दांना संस्कृतोद्भव पर्याय देण्याचे मोठे कार्य केले. आज 'अभियंता' व 'अभियांत्रिकी' हे शब्द शासकीय पदनामांत आणि महाविद्यालयांच्या नावांत स्थिर झालेले आहेत. धरमपेठेपासून जवळच, दक्षिण अंबाझरी मार्गावर, १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आताचे व्हीएनआयटी) स्थापन झाले. तरीही धरमपेठेतील घरांत मुलगी 'इंजिनिअरिंगला' जाते. 'अभियांत्रिकीला' जाते असे सहसा कोणी म्हणत नाही. यंत्राला तर 'इंजिन'खेरीज दुसरा शब्दच रुळला नाही. रेल्वेला 'आगगाडी' हे सुंदर नाव देणाऱ्या भाषेने ती ओढणाऱ्या यंत्राचे परके नाव तसेच ठेवले. खेड्यात विहिरीवरचा डिझेल पंपही नुसता 'इंजन' असतो.

जुन्या अर्थाचे पुनरागमन

'सोशल इंजिनिअरिंग' या शब्दप्रयोगातून युक्तीचा जुना अर्थ मराठीत परतला आहे. राजकीय वृत्तांत तो जातिसमूहांची मोट बांधण्याच्या डावपेचांसाठी येतो; उत्तर प्रदेशातील २००७ च्या निवडणूक निकालानंतर त्याचा वापर विशेष वाढला. संगणकसुरक्षेत त्याचा अर्थ निराळा आहे : बोलण्यात गुंतवून, विश्वास संपादन करून माणसाकडून गुप्त क्रमांक वा संकेतशब्द काढून घेणे. तेथे 'सामाजिक अभियांत्रिकी' हे शब्दशः भाषांतर दिशाभूल करणारे ठरते. ते वाचून एखादी विद्याशाखा डोळ्यांपुढे येते, आणि सावध करण्यासाठी लिहिलेल्या सूचनेतून धोका कळत नाही. अशा ठिकाणी 'फसवणुकीची क्लृप्ती' किंवा 'बोलण्यात गुंतवून फसवणे' हे शब्द योग्य होत.