गहाण सुटतं कधी? पाचोऱ्याची भूतारण बँक आणि आपला सातबारा



धरणगावचं नाव निघालं की कोणी बालकवींची आठवण काढतं, कारण त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली इथंच जन्मले. कोणी शिवकाळातल्या इंग्रजांच्या वखारीबद्दल सांगतं, तर कोणी औट्रमच्या भिल्ल पलटणीबद्दल. आज मात्र आपण वखार नाही, पेटी उघडणार आहोत. खान्देशातल्या बहुतेक जुन्या घरांत माळ्यावर किंवा खाटेखाली पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, पिवळे पडलेले स्टँपपेपर. एखाद्या कागदावर सही नसते, निळ्या शाईचा अंगठा असतो. तो कागद बहुतेक वेळा गहाणखत असतो.

कर्ज किती घेतलं, ते घरातले सांगतात. लग्नाला घेतलं, विहिरीला घेतलं, बैल मेला म्हणून घेतलं. पण गहाण सुटलं कधी, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आपल्या अहिराणीत विचारायचं तर, "कागद हाती उना का?" आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

सावकाराचं गणित

इंग्रज अंमल १८१८ साली खान्देशात आला. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. त्याच सुमाराला भिल्लांनी डोंगर सोडून शेतीला लागावं म्हणून सरकार त्यांना तगाई देऊ लागलं. म्हणजे या भागात सरकारी कर्जाची ओळख दोनशे वर्षांची आहे. पण रोजच्या व्यवहारात कर्ज म्हणजे सावकार.

रयतवारीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली, ती विकता येऊ लागली आणि दिवाणी कोर्टात तिच्यावर हुकूमनामा मिळू लागला. नाव लागलं हे चांगलंच झालं, पण त्याच नावामुळे जमीन तारण ठेवण्याजोगी झाली. गहाणाचे दोन प्रकार लोकांच्या तोंडी होते. नजरगहाणात जमीन तुमच्याच ताब्यात राहते, फक्त कागद अडकतो. ताबेगहाणात जमीन सावकार कसतो आणि पीक व्याजापोटी नेतो. दुसऱ्या प्रकारात मुद्दल तसंच उभं राहतं, बरं का. दहा वर्षं पीक गेलं तरी मूळ हजार ते हजारच.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. नियम चांगला, पण त्यातून पळवाट निघाली. समजा १,००० रुपये शेकडा १८ दराने घेतले. साधारण साडेपाच वर्षांत व्याज १,००० होतं आणि दामदुपटीने तिथं थांबतं. सावकार मग नवा कागद करायचा, मुद्दल २,०००. आणखी साडेपाच वर्षांनी ४,०००. अकरा वर्षांत चौपट, आणि नियम कुठंही मोडलेला नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी पतही वाढली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कागद मात्र चढ्या भावाचे राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून जे दंगे पेटले, त्यात लोकांनी सावकारांकडच्या गहाणखतांना हात घातला, ते कागद जाळले. राग कशावर होता, ते यावरून कळतं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता, पुढे इलाख्यात इतरत्र. या कायद्याने न्यायाधीशाला कागदावरचा आकडा बाजूला ठेवून मुळापासून हिशेब तपासायची मुभा दिली.

पाचोरा, १९२९

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या, पण त्यांची मुख्य कामगिरी हंगामापुरती. बी-बियाणं, निंदणी, कापूस विकला की परतफेड. सावकाराकडून जमीन सोडवायची किंवा विहीर बांधायची तर वीस वर्षांचं कर्ज लागतं. लोकांनी वर्षा-दोन वर्षांसाठी ठेवलेल्या ठेवीतून वीस वर्षांचं कर्ज कसं देणार? ठेवीदार दारात आला तर काय सांगणार?

यासाठी वेगळ्या बँकेची कल्पना आली. भूतारण बँक, बोलीभाषेत लँड मॉर्गेज बँक. पंजाबात झंग इथं १९२० साली पहिली निघाली. आणि मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रयोग म्हणून तीन ठिकाणं निवडली गेली: कर्नाटकातलं धारवाड, गुजरातमधलं भडोच आणि आपल्या पूर्व खान्देशातलं पाचोरा. धरणगावहून एरंडोल ओलांडून दक्षिणेला गेलं की गिरणेच्या खोऱ्यात मुंबई-भुसावळ रेल्वेवर लागतं तेच पाचोरा. तिन्ही ठिकाणं कापसाच्या मुलखातली. नगदी पीक असलं की हप्ता भरायला वर्षातून एकदा रोख पैसा हातात येतो.

या बँकेचं खरं नवेपण तिच्या हिशेबात होतं. ठेवींऐवजी लांब मुदतीचे रोखे विकून पैसा उभा करायचा, तो तितक्याच लांब मुदतीने शेतकऱ्याला द्यायचा, आणि परतफेड वर्षाच्या समान हप्त्यात घ्यायची. हप्त्यात व्याजही असतं आणि मुद्दलाचा तुकडाही. उदाहरणासाठी ९ टक्के दर धरू. १,००० रुपयांचं नुसतं व्याज वर्षाला ९० रुपये. ते जन्मभर भरलं तरी १,००० डोक्यावर तसेच. पण वर्षाला साधारण ११० रुपये भरले तर विसाव्या वर्षी खातं शून्य होतं. वर्षाला वीस रुपये जास्त, आणि गहाणाला शेवटची तारीख मिळाली. सावकाराच्या कागदात नेमकी तीच नव्हती.

ग्राहकसेवा हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसेल, पण काम तेच होतं. अर्ज आला की जमीन खरंच कोणाच्या नावावर आहे, भाऊबंदांचा हिस्सा किती, आधीचं गहाण आहे का, हे तपासायचं. शेतावर जाऊन जमीन आणि विहीर बघायची, किंमत ठरवायची आणि साधारण तिच्या निम्म्यापर्यंतच कर्ज द्यायचं. जुनं देणं फेडायचं असेल तर सावकाराचा हिशेब मिटवून त्याचं गहाणखत सोडवून घ्यायचं. कर्जदार बँकेचा भागधारकही व्हायचा. संचालक जवळपासच्या गावांतले, त्यामुळे कोणाच्या मळ्यातली विहीर उन्हाळ्यात तळ गाठते हे त्यांना कागद न बघता माहीत. यातच पुढची अडचणही होती. ओळखीच्या माणसाची जमीन लिलावात काढायला कोण धजावणार? आणि संचालक मंडळावर यायला मुळात जमीन लागते.

मुहूर्त आणि मंदी

पाचोऱ्याचा मुहूर्तही बघा कसा. १९२९ च्या अखेरीस जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव घसरले. हप्ता रुपयात ठरलेला, पीक मात्र भावात मावत नाही. गाव सगळं एकाच पिकावर जगत असेल तर सगळे कर्जदार एकाच वर्षी अडचणीत येतात. स्थानिक बँकेची ही जुनी दुखरी नस आहे.

तरीही प्रयोग सोडला नाही. १९३५ साली मुंबई प्रांतिक सहकारी भूतारण बँक स्थापन झाली, रोखे काढायचं काम तिच्याकडे गेलं आणि छोट्या बँकांना वर आधार मिळाला. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथल्या शेतीविषयक ठरावात कर्जाचा भार हलका करण्याची मागणी होती. १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९४७ मध्ये तो नव्याने आला. मग युद्धाच्या भाववाढीत बऱ्याच शेतकऱ्यांनी जुनी देणी फेडली.

पण चित्र किती बदललं? १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला समितीने तिचा अहवाल दिला. त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा निघाला फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक सावकार.

पुढच्या काळात भूतारण बँकांची भूविकास बँक झाली. नाव बदललं तसं कामही. जुनं देणं फेडण्यापेक्षा आता विहीर खोदणं, खचलेली विहीर बांधून काढणं, इंजिन, मोटर, पाइपलाइन, सपाटीकरण. केळी आणि बागायत वाढली त्यामागे अशी लांब मुदतीची कर्जंही आहेत.

ज्यांच्याकडे गहाण ठेवायला जमीनच नव्हती, त्यांचं काय? खान्देशात आखाजीला सालदाराचं वर्ष सुरू होतं. उचल घ्यायची आणि वर्षभर राबून ती फेडायची. म्हणजे माणूस आपलं एक वर्षच तारण ठेवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तर हातची जमीनही गेली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात आदिवासींनी अंबरसिंग महाराजांबरोबर चळवळ केली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात १९७४ साली झाला. भूतारण बँकेच्या चांगल्या कामाची नोंद घेताना तिच्या दारापर्यंत कोण पोचलंच नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

बँक गेली, बोजा राहिला

थकबाकी वाढत गेली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवी कर्जं थांबली आणि २०१५ साली सरकारने भूविकास बँका गुंडाळायचं ठरवलं. कार्यालयं ओस पडली, पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात भूविकास बँकेचा बोजा तसाच. बोजा असला की दुसरी बँक कर्ज देत नाही, विकत घेणारा मागे सरतो, वाटणीत भांडण होतं.

२०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात ३४,७८८ कर्जदार शेतकऱ्यांचं ९६४ कोटी १५ लाखांचं कर्ज माफ करण्याची घोषणा झाली. सावकाराच्या न संपणाऱ्या गहाणाला तारीख देण्यासाठी जी व्यवस्था जन्मली, तिचंच गहाण सोडवायला शेवटी मंत्रालय लागलं. मला यात कोणाची टिंगल करायची नाही. पण कर्ज देणाऱ्याचा कस शेवटच्या दिवशी लागतो, हा धडा मला पाचोऱ्यापासून इथपर्यंत दिसतो.

आता घराचं

भूतारण बँक शेतावर कर्ज द्यायची. राहत्या घराचं काय? आपली जुनी घरं धाब्याची. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायची, नाहीतर पावसाळ्यात घरात टोपली-पातेली मांडायची. एखादी तुळई वाळवीने खाल्ली की खर्च मोठा, आणि त्यासाठी हातउसनं किंवा सावकार. बँक म्हणायची, घराचा कागद आणा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नाही. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, ती ही अडचण सोडवण्यासाठी. आता खेड्यातलं घरही तारण ठेवता येईल. म्हणजे १८१८ नंतर शेताचं जे झालं, ते आता घराचं होणार. नाव लागणं चांगलंच, पण नावाबरोबर काय येतं ते आपण आत्ताच ऐकलं.

म्हणून तीन गोष्टी सांगून थांबतो.

एक, हप्ता ठरवताना नुसता व्याजदर विचारू नका. मुद्दल दरवर्षी किती उतरतं आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला, ते लिहून घ्या.

दोन, कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घ्या, आणि सातबाऱ्यावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा फेरफार करून उतरवा. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि तारण मोकळं करायचं. कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

तीन, बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या आतले व्यवहार त्यात तपासता येतात.

या रविवारी ती पत्र्याची पेटी खाली काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा, एकेक कागद वाचून दाखवा आणि विचारा, हे सुटलं का? सुटलं असेल तर सातबाऱ्यावर तसं दिसतंय का, ते मोबाईलवर लगेच बघा. आणि दिसत नसेल तर सोमवारी तलाठी कार्यालय गाठा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.