मातीच्या पाटीवरचा हिशेब

नातीचा इतिहासाचा अभ्यास घेता घेता साठीनंतर मीच विद्यार्थिनी झाले. आजच्या इराकमधल्या उरुक शहरात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी लेखन सुरू झालं, ते धान्य आणि मेंढ्यांच्या हिशेबासाठी! मी बी.कॉम., त्यामुळे फार बरं वाटलं. पुढे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी ऊरच्या राजांच्या काळात मजुरीचे जवही मातीच्या पाट्यांवर लिहीत. पुरुषाला महिन्याला साधारण ६० सिला, म्हणजे तितकेच लिटर. विणकाम करणाऱ्या बाईला ३०. अर्धेच! वाईट वाटलं. पण तिचं काम निदान लिहिलं तरी गेलं. माझ्या घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, फी सगळं आहे. माझ्या कामाचा रकाना नाही. नातीला म्हटलं, तुझ्या वहीत तो आधी आख.